म्हैसमाळ-खुलदाबादला दोन मुक्काम: पायी फिरून काय काय करता येईल?

माळावरचा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरहून सहा पाहुणे येतायत. साठी ओलांडलेल्या एक मावशी (उजवा गुडघा कुरकुरतो), दोघं चाळिशीतली, एक कॉलेजचा मुलगा आणि दहा-बारा वर्षांची दोन पोरं. रविवारी दुपारी पोचतील, मंगळवारी दुपारी निघतील. लेणी तर बघायचीच आहेत, पण दिवसभर गाडीत बसायचं, पॉइंटला उतरून फोटो काढायचा आणि परत गाडीत, असं व्हायला नको. चालणं, सायकल, रात्रीचं आकाश, काहीही चालेल. वाट, वेळ, सोबत काय घ्यायचं आणि कुठे सांभाळायचं, हे नेमकं सांगा.

कडेकपारी
पॉइंट मोजत फिरलं तर म्हैसमाळ तासाभरात संपतं, आणि लोक "काहीच नाही तिथं" म्हणत उतरतात. म्हैसमाळ, खुलदाबाद, सुलीभंजन आणि खाली वेरूळ हा सगळा एकच डोंगर समजा. मग दिवसाची मांडणी सोपी होते: सकाळी कड्यावरून चाल, दुपारी लेण्यांच्या किंवा झाडांच्या सावलीत, संध्याकाळी पुन्हा उघड्या माळावर. हा क्रम उलटा झाला की पोरं रडकुंडीला येतात आणि मोठी माणसं वैतागतात.

म्हैसमाळची उंची साधारण १०६७ मीटर. संभाजीनगर शहर ५७० च्या आसपास. म्हणजे पाचशे मीटरचा फरक, हवा तीनेक अंशांनी गार. वारा असल्यामुळे घाम जाणवत नाही, ऊन मात्र तितकंच लागतं, त्यामुळे तहान लागेपर्यंत थांबू नका. सूर्योदय साडेसहाच्या सुमाराला आहे. सहाला बाहेर पडा, गिरिजामातेच्या देवळापासून दरीच्या बाजूने कड्याला समांतर चाला आणि नऊ-साडेनऊला परत या. वाट सपाट आहे, मावशींनाही जमेल.

एका गोष्टीत मात्र अजिबात सूट नाही. आपला दगड म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक थर. दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा असतो, पाणी तिथून झिरपतं आणि वरचा दगड आतून पोकळ होत जातो. कडा वरून भक्कम दिसतो, पण शेवटच्या दोन-तीन हातांत नुसता मुरमाचा भुगा असतो आणि त्यावर बूट गोट्यांवरून घसरावा तसा घसरतो. कड्यापासून दोन मीटर आत राहायचं. फोटो बसून काढायचा. पोरांना हे गाडीतून उतरायच्या आधी सांगायचं, कड्यावर पोचल्यावर नाही.

शिऊरकर
वाचनखूण साठवली. गिरिजा नदी इथूनच उगम पावते, पुढे पूर्णेला आणि पूर्णेतून गोदावरीला मिळते. पोरांना कड्यावरून ती दरी नक्की दाखवा, भूगोल डोक्यात पक्का बसेल.

हिरवा_चाफा
मला हे पटत नाही. म्हैसमाळ बघायचं तर श्रावणात. तेरडा फुललेला असतो, ढग अंगावरून जातात, सगळे ओहोळ वाहते असतात. ऑक्टोबरच्या शेवटी गवत पिवळं पडलेलं असतं. पाहुण्यांना त्यात काय दिसणार?

कडेकपारी
@हिरवा_चाफा, डोळ्यांना श्रावण बरा, हे मान्य. पण चालायला तो सगळ्यात अवघड महिना. धुक्यात दहा पावलांवरचा कडा दिसत नाही, काळ्या खडकावर शेवाळ असतं आणि काळी माती बुटाला चिकटून एकेक पाय किलोभर जड होतो. त्यात श्रावणी शनिवारी भद्रा मारुतीच्या दर्शनाला रात्रभर पायी लोक येतात. शुक्रवारी संध्याकाळपासून खुलदाबादचा रस्ता चालणाऱ्यांनी भरलेला असतो. लहान पोरं आणि दुखरा गुडघा बरोबर असेल तर ऑक्टोबरच बरा. हवा स्वच्छ, नजर लांब जाते.

हिरवा_चाफा
ठीक, पोरं आणि गुडघ्यापुरतं मान्य. पण परतीचा पाऊस विसरू नका. ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर अर्ध्या तासात आभाळ भरून येतं आणि माळावर सगळ्यात उंच वस्तू माणूसच असतो. वीज चमकल्यावर सेकंद मोजायचे. तीन सेकंदांनी गडगडलं तर वीज साधारण एक किलोमीटरवर आहे. तीसच्या आत गडगडलं तर फिरणं थांबवायचं, गाडीत बसून काचा वर करायच्या आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. एकट्या झाडाखाली, मनोऱ्याजवळ किंवा तारेच्या कुंपणाला टेकून थांबायचं नाही.

कन्नड_घाट
पिवळ्या गवताचा विषय निघालाच आहे तर कुसळाचं सांगतो, कारण ऑक्टोबरच्या शेवटी तेच सगळ्यांत जास्त छळतं. कुसळी गवताचं बी म्हणजे टोकदार सुई, मागे पिळाची शेपटी. ओल लागली की तो पीळ उलगडतो आणि सुई आत आत शिरते. निसर्गाने ते जमिनीत शिरायला घडवलंय, पण सुती मोजा त्याला जमिनीसारखाच वाटतो. घोट्याला एकदा टोचायला लागलं की पोरं पुढे पाऊल टाकत नाहीत.

उपाय साधा आहे. गुळगुळीत नायलॉनची पँट घाला आणि तिचा पाय मोज्याच्या बाहेरून खाली सोडा, मोज्यात खोचू नका. लोकरी आणि जाड सुती मोजे टाळा. पिशवीत भुवया उपटायचा छोटा चिमटा ठेवा. आणि पायवाट सोडू नका, पायवाटेवर हे गवत तुडवलेलं असतं.

पोळा_फुटला
चिमट्याची गोष्ट लाख मोलाची.

सिडको_पेडल
सायकलचं मी सांगतो. सायकली शहरातूनच आणा. दौलताबाद-खुलदाबादमार्गे म्हैसमाळ साधारण चाळीस किलोमीटर पडतं. कॉलेजच्या पोराला जमेल, बाकीच्यांना गाडीत बसवा.

चढाला मागे किमान ३२ दात्यांचं चक्र हवं, नाहीतर खुलदाबादच्या पुढे गुडघ्यावर ताण येतो. २८ मिमी टायर आणि सत्तर किलोचा माणूस असेल तर ७० ते ८० पीएसआय हवा पुरते. त्याहून जास्त भरली तर खडबडीत डांबरावर हात बधिर होतात. खरी काळजी उताराला. ब्रेक दाबून धरायचा नाही. दाबा, सोडा, दाबा, सोडा. साध्या ब्रेकमध्ये सतत दाबल्याने रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. वळण यायच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेकला हात लावू नका. वळणात आतल्या बाजूचं पेडल वर ठेवा.

दौलताबादला रस्ता जुन्या तटबंदीच्या वेशीतून जातो आणि तिथे एका वेळी एकच मोठं वाहन मावतं. बस आत शिरली असेल तर बाजूला उतरून थांबा. आणि अंधार पडायच्या आत खाली या. गाळप हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, कित्येकांना मागे लाल दिवाही नसतो.

वाटेवरची_शिदोरी
पाण्याचं गणित कुणीच मांडलं नाही! अर्ध्या दिवसाला मोठ्या माणसामागे तीन लिटर, पोरामागे दोन. कड्यावरच्या वाटेत पाण्याचा भरवसा नाही, सगळं खालूनच न्यायचं. एका बाटलीत मीठ-साखरेचं पाणी: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगोशिग भरला की मीठ जास्त होतं आणि ते तहान भागवण्याऐवजी वाढवतं.

खायला दशम्या न्या. ज्वारीचं पीठ दुधात भिजवलं की दशमी संध्याकाळपर्यंत मऊ राहते, पाण्यातली भाकरी दुपारीच कडक होते. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. चटणी कोरडी न्या आणि तेल वेगळ्या छोट्या बाटलीत, म्हणजे पिशवी माखत नाही. ओलं खोबरं घातलेलं काही नेऊ नका, दुपारच्या उन्हात आंबतं. सीताफळाचा मोसम आहे, दौलताबादच्या रस्त्याला टोपल्या दिसतील. मात्र बिया कड्यावर थुंकायच्या नाहीत, पिशवीत गोळा करायच्या.

आणि वानरं! वेरूळ आणि म्हैसमाळ दोन्हीकडे आहेत. त्यांना पिशवीचा आवाज ओळखता येतो. खाणं सॅकच्या आतल्या कप्प्यात, हातात काही धरायचं नाही. जवळ आलं तर दात दाखवून हसायचं नाही, त्याच्या लेखी ती धमकी असते. नजर खाली ठेवून हळू मागे सरका.

अंबाजोगाईची_लेक
दशमीला +१. आमच्याकडे पिठात थोडं तीळही घालतात.

शिऊरकर
अवांतर: हुरड्याच्या दिवसांत हे पाहुणे आले असते तर शेतावरच दिवस गेला असता. पण हुरडा डिसेंबर-जानेवारीत, त्यामुळे पुढच्या वेळी.

येळगंगेच्या_काठी
मूळ विषयाकडे येतो. वेरूळला सगळे खालून लेणी बघून परततात. २८-२९ नंबरच्या वर, जिथून येळगंगा खाली कोसळते, त्या पठारावर गणेश लेणी आहेत आणि नदीच्या पात्राने आणखी वर जोगेश्वरीची लेणी. छोटी आहेत, काहींत चित्रांचे अवशेष आहेत. कैलासात गर्दी असते तेव्हाही इथे बहुतेक वेळा शुकशुकाट.

वाट नदीच्या कडेने आहे. पात्रातला दगड पाण्याने घासून घासून आरशासारखा झालाय. कोरडा असताना पकड चांगली मिळते, ओला असला तर मुळीच नाही. खडकावर हिरवा किंवा काळपट चकाकता पट्टा दिसला तर तो ओलांडू नका, वळसा घाला. धबधब्याच्या तोंडाशी कठडा नाही. पोरांना त्या बाजूला जाऊच देऊ नका, लांबूनसुद्धा. आणि पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी हा बेत सोडून द्या, वर म्हैसमाळकडे पडलेलं पाणी थोड्याच वेळात इथे पोचतं.

गुडघेवाल्या मावशींनी खाली २९ नंबरपर्यंत यावं. सीतेची न्हाणी म्हणतात ते हेच. तिथे सावली आहे, बसायला मोठ्या पायऱ्या आहेत आणि समोर धबधब्याची भिंत.

कन्नड_घाट
एक पूर्ण दिवस असेल तर पितळखोरा सुचवतो. कन्नडपासून वीसेक किलोमीटर. वरून दरीत पायऱ्या उतरायच्या, मग ओढ्यावरचा लोखंडी पूल, पलीकडे लेणी. इसवी सनापूर्वीची आहेत. पैठणच्या गंध्यांच्या कुळाने दिलेल्या दानाचा लेख तिथल्या खांबावर आहे. इथे सापडलेला यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो घडवणाऱ्याचं नाव त्याच्यावर कोरलंय: कान्हदास, सोनार. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव वाचायला मिळणं ही साधी गोष्ट नाही. दरीतली हवा तर अशी की पोरं आपोआप हळू बोलायला लागतात.

कडेकपारी
पितळखोरा अप्रतिमच, पण मावशींसाठी नको. उतरताना गुडघा दुखतो आणि इथे आधी उतार, मग थकलेल्या पायांनी सगळा चढ. एखाद्या किल्ल्यावर चढताना दमलात तर अर्ध्यातून खाली येता येतं, पितळखोऱ्यात दमलात तरी वर चढावंच लागतं.

कन्नड_घाट
बरोबर. मग मावशी वर सावलीत थांबतील आणि बाकीचे जातील. किंवा दोन काठ्या द्या. सपाटीला काठी अशी की हातात धरल्यावर कोपर काटकोनात राहील, उताराला पाच सेंटिमीटर लांब. काठी आधी खाली टेकवायची, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. चढताना उलट: चांगला पाय आधी. एवढं नीट पाळलं तर गुडघ्यावरचा भार बराच हलका होतो. तरी एकूण बघता त्यांनी म्हैसमाळच करावं हे मला पटतं.

वनरक्षकाचा_मित्र
पितळखोरा आणि गौताळा म्हणजे अभयारण्य, १९८६ सालचं. बिबट्या आहे, अस्वल आहे. नाक्यावर नोंद करून, शुल्क भरून जायचं आणि सूर्यास्ताच्या आत बाहेर यायचं. त्या दिवसांत सूर्य सहाच्या आधीच मावळतो, म्हणून साडेचारला परत फिरा. चूल, स्टोव्ह, सिगारेट काही नको. वाळलेल्या गवतात एका ठिणगीने वणवा लागतो आणि त्यात जमिनीवर घरटी करणारे पक्षी, ससे, सरडे सगळे जळतात. दगडांत पांढरे चकाकणारे स्फटिक दिसतील. पोरांना बघू द्या, हात लावू द्या, पण खिशात घालू देऊ नका. १९७२ च्या कायद्याने अभयारण्यातून काही नेणं गुन्हा आहे, आणि तो स्फटिक पुढच्या पोरालाही दिसायला हवा.

अंगाला अत्तर, डिओ लावून लेण्यांकडे जाऊ नका. वेरूळ, पितळखोरा, अजिंठा, सगळीकडे कड्यांना आग्या मोहळं असतात. वास, धूर, आरडाओरडा आणि ड्रोन यांनी ती उठतात. (लेण्यांवर ड्रोनला परवानगीशिवाय बंदीच आहे.) उठलीच तर हात झाडायचे नाहीत. तोंड-मान ओढणीने किंवा शर्टाने झाकून, पायाखाली बघत, गाडी किंवा बंद खोली गाठायची. पाण्यात उडी मारायची नाही, माश्या वर घिरट्या घालत राहतात. काटा नखाने लगेच खरवडून टाका. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला हे महत्त्वाचं, कारण विषाची पिशवी काट्याबरोबर राहते आणि विष सोडत असते. ओठ सुजले, श्वास लागला, चक्कर आली तर घरगुती उपाय नकोत, १०८ ला फोन आणि दवाखाना.

रात्रपाळी_आकाश
रात्रीच्या आकाशाचं कुणीतरी विचारलं होतं. खाली संभाजीनगरचा उजेड आग्नेयेला असतो, म्हणून म्हैसमाळवर त्याच्याकडे पाठ करून बसा. आधी चंद्र बघा: पौर्णिमेच्या आसपास असेल तर तारे विसरा आणि चांदण्यात माळावर चाला, तेही सुंदर असतं. अंधार असेल तर सातनंतर जेवण उरकून बाहेर या आणि वीस मिनिटं मोबाइल बंद ठेवा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो आणि एकदा पडदा उजळला की मोजणी पुन्हा शून्यापासून. टॉर्चला लाल जिलेटीन कागद रबराने बांधा.

पोरांना आधी ध्रुव शोधायला लावा. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश व्यापते. आपण विसाव्या अक्षांशावर आहोत, म्हणून ध्रुव उत्तरेच्या क्षितिजापासून बरोबर दोन मुठी वर. नागपूरला तो थोडा आणखी वर असतो. फरक जेमतेम एका अंशाचा, मुठीने कळण्याइतका नाही, पण तो पृथ्वी गोल असल्यामुळेच पडतो हे पोरांना सांगा.

पहाटे उठायची तयारी असेल तर चार-साडेचारला दक्षिणेला बघा. अगस्त्य तेव्हा सगळ्यात वर, साधारण सतरा अंशांवर म्हणजे पावणेदोन मुठींवर असतो. व्याध त्याच्या वरच्या बाजूला. दोन्ही ठळक, दुर्बीण लागत नाही.

पोळा_फुटला
तंबू टाकता येईल का वर?

कडेकपारी
वनजमिनीत नाही. कुणाच्या शेतात, मालकाला विचारून. पण नुसत्या खुंट्यांवर विसंबू नका, वीतभर माती आणि खाली काळा दगड. खुंटी वाकते, आत जात नाही. तणाव्याच्या दोऱ्या डोक्याएवढ्या दगडांना बांधा आणि त्या दगडांवर आणखी एकेक दगड ठेवा. तंबूची पाठ वाऱ्याकडे, तोंड दुसऱ्या बाजूला. साठीच्या मावशींना घेऊन मात्र खोलीच घ्या. पहाटे चांगलाच गारठा असतो.

माळावरचा
सगळ्यांचे मनापासून आभार, इतक्या नेमकेपणाची अपेक्षा नव्हती. बेत असा ठरतोय:
रविवारी संध्याकाळी म्हैसमाळचा माळ, रात्री तारे. सोमवारी पहाटे कड्यावरची चाल, मग मी आणि कॉलेजचा मुलगा पितळखोरा, बाकीचे खुलदाबादला विश्रांती. मंगळवारी सकाळी वेरूळ, गणेश लेणी, तिथूनच नागपूर.
काही चुकतंय का?

येळगंगेच्या_काठी
मंगळवारी वेरूळ लेणी बंद! (सोमवारी अजिंठा बंद.) वेरूळ सोमवारीच करावं लागेल.

कन्नड_घाट
आणि सोमवारी पहाटे कडा, मग पितळखोरा, हे एका दिवसात जड होतं. पितळखोरा या वेळी सोडा. तो घाईत बघायची जागा नाही.

कडेकपारी
मग असं करा. सोमवारी सहाला कडा, साडेनऊला न्याहारी, साडेदहाला वेरूळ. मावशी आणि पोरं २९ नंबरच्या सावलीत, मोठे तोवर गणेश लेण्यांना जाऊन येतील, चारनंतर कैलास. पश्चिमाभिमुख लेणी आहेत, उतरत्या उन्हात आत उजेड येतो. मंगळवारी सकाळी सुलीभंजन: एकनाथ महाराजांच्या तपश्चर्येची जागा, दत्ताचं देऊळ. तिथे एक दगड आहे, त्याच्यावर खड्याने ठोकलं की धातूसारखा नाद निघतो. हळू ठोका, सगळ्यांनी एकदम नको. दहाला खाली आलात तरी दुपारी नागपूरला निघता येईल.

माळावरचा
ठरलं. पितळखोरा पुढच्या वेळी. एकच राहिलं, सुलीभंजनला मावशींना पायऱ्या किती?

शिऊरकर
गाडी देवळाजवळ जाते, काळजी नसावी. काठ्या तरी असू द्या, परिसरातला दगड ओबडधोबड आहे.